वैमानिकांची आत्मकथने : पुस्तक एक, वाचक दोन

विमान चालविणाऱ्याने लिहिलेले अनुभवकथन विमान न चालविणाराच आवडीने वाचतो, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीमागचा विचार वरवर पाहता पटण्यासारखा वाटतो. ज्याला आकाश रोजचेच झाले, त्याला आकाशाच्या वर्णनाचे काय कौतुक? हलवाई आपल्या दुकानातला पेढा सहसा तोंडात टाकीत नाही. त्याचप्रमाणे दिवसभर ढगांतून वावरणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन पुन्हा ढगांविषयीच कशाला वाचील, असा प्रश्न कोणाच्याही मनात सहज येतो. परंतु वैमानिकांच्या घरची पुस्तकांची फळी पाहिली म्हणजे निराळेच दिसते. तेथे नकाशे, नियमावल्या आणि हवामानशास्त्राची पुस्तके यांच्या शेजारी जुन्या वैमानिकांची आत्मकथनेही असतात, आणि ती पुष्कळ हाताळलेली असतात. तेव्हा प्रश्न असा उरतो की, ज्या पुस्तकाने विमानात पाऊल न टाकलेला वाचक भारावून जातो, तेच पुस्तक वैमानिकाला का रुचते? दोघांना त्यात एकच गोष्ट सापडते, की प्रत्येकाला आपली आपली निराळी?

प्रथम सामान्य वाचकाचा विचार करू. माणसाने पहिले यांत्रिक उड्डाण केले ते १९०३ साली. त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत उड्डाण हा मूठभर माणसांचा अनुभव होता. विमाने लाकडाची आणि कापडाची होती, वैमानिकाची बैठक बहुधा उघडी असे, आणि इंजिन केव्हा बंद पडेल याची शाश्वती नसे. अशा काळात जो वर जाऊन परत आला, त्याने काय पाहिले हे ऐकण्याची उत्सुकता साहजिकच सर्वांना होती. वारकऱ्याने परत येऊन पंढरीचे वर्णन करावे आणि गावाने भोवती बसून ते ऐकावे, तसाच हा प्रकार होता. या वाचकाला हवे असते ते दर्शन. पृथ्वी वरून कशी दिसते, रात्री एकटेपणा कसा वाटतो, मृत्यू जवळून गेला म्हणजे मनाचे काय होते, हे त्याला जाणून घ्यायचे असते. लेखकाचे होकायंत्र दोन अंशांनी चुकले की चार, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

वैमानिकाचे वाचन याहून वेगळे असते. ग्वाल्हेर किंवा इंदूर येथील एखाद्या जुन्या मैफलीत जाऊन बसले, तर हा भेद चटकन लक्षात येतो. गवई तान घेतो तेव्हा रसिक श्रोता डोळे मिटून डोलतो. त्याच वेळी शेजारी बसलेला दुसरा गवई गायकाने श्वास कोठे घेतला, कोणती जागा टाळली आणि समेवर येताना किती धोका पत्करला, हे टिपीत असतो. तान एकच, पण ऐकणारे कान दोन. दुसऱ्या गवयाला आनंद कमी होतो असे नाही. उलट अवघड जागा किती अवघड आहे हे ठाऊक असल्यामुळे त्याची दाद अधिक मोलाची असते. मात्र त्याला फसविणे कठीण असते, आणि खोटी जागा त्याच्या कानाला तत्काळ खुपते.

वैमानिक लेखकाला या दुसऱ्या कानाची भीती सदैव बाळगावी लागते. फ्रेंच वैमानिक आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी याला याचा कटू अनुभव आला. तो १९२६ साली तुलूझ येथील हवाई टपाल कंपनीत दाखल झाला, सहारा वाळवंटाच्या काठावरील एका एकाकी ठाण्याचा प्रमुख म्हणून राहिला आणि पुढे दक्षिण अमेरिकेत गेला. तेथील रात्रीच्या टपालवाहतुकीवर त्याने लिहिलेली 'रात्रीचे उड्डाण' ही कादंबरी १९३१ साली प्रसिद्ध झाली. साहित्यक्षेत्राने तिचा गौरव केला आणि तिला 'फेमिना' पारितोषिक मिळाले. परंतु कंपनीतील त्याच्या अनेक सहकाऱ्यांना ती रुचली नाही. कादंबरीतील कठोर अधिकारी हा कंपनीतील प्रत्यक्ष अधिकाऱ्यावरून बेतलेला होता, आणि त्या वेळी कंपनीत अंतर्गत कलहही चालू होता. आपल्यातलाच एक जण आपल्या कष्टांचे आणि मृत्यूंचे साहित्य करून नाव मिळवितो आहे, ही भावना त्यांच्या मनात बळावली. या पुस्तकामुळे सोबती दुरावले, ही खंत लेखकाने आपला मित्र आंरी गियोमे याला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली आहे. सामान्य वाचकाने डोक्यावर घेतलेले पुस्तक लेखकाच्या स्वतःच्या बिरादरीत असे परके ठरू शकते.

आता एकच प्रसंग दोन वाचक कसे वाचतात ते पाहू. अमेरिकन वैमानिक अर्नेस्ट गॅन याचे 'फेट इज द हंटर' हे आत्मकथन १९६१ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धात मालवाहू विमाने घेऊन तो हिंदुस्थानात आला होता. त्या वेळी आग्र्याहून उड्डाण करताना घडलेला एक प्रसंग त्याने सांगितला आहे. त्याच्या हाती सी-८७ जातीचे चार इंजिनांचे विमान होते. बाँबफेकी विमानात फेरफार करून मालवाहतुकीसाठी तयार केलेली ही जात वैमानिकांना फारशी प्रिय नव्हती. त्याला ठाऊक होते त्याहून कितीतरी अधिक पेट्रोल टाक्यांत भरले गेले होते. विमान जमिनीवरून सुटले खरे, पण वर चढेना. आणि समोर ताजमहाल उभा राहिला. विमान कसेबसे त्यावरून निसटले.

सामान्य वाचक हा प्रसंग वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ताजमहाल असतो. शतकानुशतके उभे असलेले ते शुभ्र स्मारक आणि त्याच्या रोखाने येणारे गर्जना करणारे यंत्र, या कल्पनेनेच त्याचा श्वास रोखला जातो. वैमानिकाच्या डोळ्यांपुढे मात्र ताजमहाल येण्याआधी पेट्रोलचा हिशेब येतो. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोग्रॅमहून थोडे कमी असते. म्हणजे टाक्यांत हजार लिटर अधिक पडले, तर सुमारे सातशे किलोग्रॅम वजन वाढले. वजन वाढले की जमीन सोडण्यासाठी अधिक वेग लागतो, वेगासाठी धावपट्टी अधिक लागते, आणि वर चढण्याचा दर घटतो. त्यात हवा तापलेली असली तर ती प्रसरण पावून विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, पंख्याची पकड सैल होते आणि इंजिनाची शक्तीही उतरते. आग्र्याच्या उष्म्यात या सर्व गोष्टी किती महाग पडतात, हे वैमानिकाला कोणी सांगावे लागत नाही. त्याच्या अंगावर काटा येतो तो एका साध्या विचाराने: टाकीतले पेट्रोल आपण स्वतः मोजून पाहिले असते का? ताजमहालाऐवजी तेथे नुसती झाडांची रांग असती, तरी वैमानिकाच्या लेखी प्रसंगाचे गांभीर्य तिळभरही कमी झाले नसते.

बेरिल मार्कहॅम हिच्या पुस्तकातही असेच एक स्थळ आहे. पूर्व आफ्रिकेत वाढलेल्या या स्त्रीने सप्टेंबर १९३६ मध्ये इंग्लंडहून एकटीने अटलांटिक महासागर पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडला. या दिशेने जाताना वारा बहुतांशी समोरून येतो, त्यामुळे हा प्रवास अधिक कष्टाचा. सुमारे एकवीस तासांच्या उड्डाणानंतर ती कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर कशीबशी उतरली. तिच्या विमानात अनेक टाक्या बसविलेल्या होत्या. प्रत्येक टाकी पूर्ण रिकामी होऊन इंजिन बंद पडेपर्यंत ती वापरायची, आणि मग हाताने दुसऱ्या टाकीचा कॉक उघडायचा, अशी योजना होती. काळोख्या रात्री समुद्रावर इंजिन एकदम गप्प होते, विमान खाली येऊ लागते, आणि हात अंधारात कॉक शोधू लागतो. त्या शांततेचे तिने केलेले वर्णन वाचून सामान्य वाचकाला मृत्यूची चाहूल ऐकू येते. वैमानिक मात्र टाक्यांचा क्रम मनात मांडतो आणि इंजिन पुन्हा धरायला किती उंची खर्ची पडेल याचा अंदाज करतो. शेवटच्या टाकीच्या हवेच्या नळीत बर्फ साचल्यामुळे पेट्रोल येईनासे झाले, हे त्याला पुढे कळते. तेव्हा हवेची नळी बर्फाने बुजू शकते, एवढी एक गोष्ट तो आपल्या गाठीला कायमची बांधून ठेवतो.

'वेस्ट विथ द नाइट' हे मार्कहॅमचे पुस्तक १९४२ साली निघाले. अर्नेस्ट हेमिंग्वेने एका पत्रात त्याची मनापासून प्रशंसा केली, तरीही ते लवकरच विस्मृतीत गेले. १९८३ साली ते पुन्हा छापले गेले आणि तेव्हा त्याला मोठा वाचकवर्ग लाभला. पुस्तक तिने स्वतः लिहिले की तिच्या पतीने, असा वादही पुढे उभा राहिला. परंतु या वादाने त्यातील टाक्यांच्या हिशेबाला बाध येत नाही. वाक्ये कोणीही घडविलेली असोत, त्या काळोखात बसलेला हात तिचाच होता.

येथवर पाहिले ते केवळ दृष्टीतील भेदाचे. परंतु वैमानिक ही पुस्तके का वाचतो, याचे खरे कारण आणखी खोल आहे. ते समजून घेण्यासाठी चार्ल्स लिंडबर्ग याची दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. १९२७ सालच्या मे महिन्यात लिंडबर्ग न्यूयॉर्कहून एकट्याने निघून साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला. त्याच वर्षी काही आठवड्यांत घाईने लिहिलेले 'वी' हे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि प्रचंड खपले. त्यात प्रत्यक्ष महासागरावरील उड्डाणाची कथा थोड्या पानांत, एखाद्या कारकुनाने अहवाल द्यावा तशी उरकली आहे. नंतर कित्येक वर्षे खपून त्याने तीच कथा पुन्हा लिहिली. 'द स्पिरिट ऑफ सेंट लुइस' हे ते पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

दोन्ही पुस्तकांतील अंतर एका शब्दात सांगायचे तर ते झोपेचे अंतर आहे. उड्डाणाच्या आदल्या रात्रीही लिंडबर्गला झोप मिळाली नव्हती. दुसऱ्या पुस्तकात त्याने आपल्या निद्रेशी झालेल्या झगड्याचा तासातासाचा जमाखर्च मांडला आहे. डोळे उघडे असूनही मन झोपी कसे जाते, विमान दिशा कशी सोडते, हे तो सांगतो. इतकेच नव्हे, तर आपल्या पाठीमागे छायारूप आकृत्या बसलेल्या भासत होत्या आणि त्या आपल्याशी बोलत होत्या, हेही तो लपवीत नाही. १९२७ साली, जगाने वीर म्हणून खांद्यावर घेतले असता, ही गोष्ट त्याने सांगितली नव्हती. सव्वीस वर्षांनी ती सांगण्याचे धैर्य त्याला झाले.

सामान्य वाचकाला यात एका विलक्षण मनाचे दर्शन घडते. वैमानिकाला मात्र यात आपलीच साक्ष सापडते. लांबच्या रात्रीच्या उड्डाणात पहाटेच्या सुमारास मेंदूवर येणारी ती ग्लानी त्याने स्वतः अनुभवलेली असते, परंतु ती कोणापाशी बोललेली नसते. नोकरीच्या ठिकाणी असे बोलणे कमीपणाचे वाटते, आणि घरी बोलावे तर घरची माणसे घाबरतात. ज्याचे नाव साऱ्या जगाने घेतले त्या माणसाने आपल्याला हेच घडले असे लिहून ठेवले, की वाचणाऱ्याच्या मनावरचे मोठे ओझे उतरते. याच पुस्तकाच्या शेवटी लिंडबर्गने विमानाचे तांत्रिक तपशील जोडले आहेत. पेट्रोलची एक मोठी टाकी वैमानिकाच्या पुढे बसविली होती. अपघात झालाच तर इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये आपण चिरडले जाऊ नये, हा त्यामागील हेतू. त्यामुळे समोरची खिडकीच नाहीशी झाली आणि समोरचे पाहण्यासाठी एक लहानसा पेरिस्कोप बसवावा लागला. या माहितीपाशी सामान्य वाचक फार रेंगाळत नाही. वैमानिक तेथेच पेन्सिल घेऊन बसतो.

उड्डाणात शरीर माणसाला फसविते, आणि त्या फसवणुकीची जाणीव पुस्तकातील नियमापेक्षा दुसऱ्याच्या अनुभवाने अधिक पक्की होते. आपल्या कानाच्या आत तीन बारीक अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके वळले की द्रव मागे राहतो आणि वळण झाल्याचे मेंदूला कळते. परंतु विमान ढगात बराच वेळ एकाच वेगाने वळत राहिले, तर द्रवही त्या गतीला येऊन मिळतो. मग वळण चालू असूनही आपण सरळ जात आहोत असे वाटू लागते. अशा वेळी विमान खरोखर सरळ केले, तर उलट दिशेने वळत असल्याचा भास होतो, आणि वैमानिक ते पुन्हा पहिल्या वळणात नेऊन घालतो. बाहेर क्षितिज दिसत नसेल तर या चक्रातून सुटका नाही. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात याचा एक प्रयोग झाला. यंत्रांच्या आधारे उड्डाण करण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचे काही न दिसणाऱ्या स्थितीत विमान चालवावयास दिले. एकूण एक सर्वांचा ताबा सुटला, आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटेही नाहीत!

अशा वेळी तारक ठरते ती एकच सवय: शरीर काय सांगते ते बाजूला सारून समोरच्या तबकड्यांवर विश्वास ठेवणे. ही सवय कशी लागते, याचा एक प्रसंग गॅनने सांगितला आहे. तो साहाय्यक वैमानिक म्हणून उमेदवारी करीत असताना, केवळ यंत्रांकडे पाहून विमान खाली आणण्याचे काम त्याला सोपविले होते. त्याच वेळी शेजारी बसलेल्या कॅप्टनने त्याच्या तोंडासमोर आगपेटीच्या काड्या एकामागून एक पेटवून धरल्या. उमेदवाराला हा छळ वाटला. परंतु एक दिवस याहून मोठे संकट डोळ्यांसमोर नाचत असेल आणि तेव्हाही नजर तबकड्यांवरून हलता कामा नये, हा धडा त्यामागे होता. सामान्य वाचक या विक्षिप्त गुरूला हसतो. वैमानिकालाही हसू येते, पण त्याला आपला स्वतःचा गुरू आठवतो, आणि त्या गुरूचा राग केव्हाच निवळून त्याची जागा कृतज्ञतेने घेतलेली असते.

वैमानिक परस्परांचे अनुभव वाचण्यास किती उत्सुक असतात, याचा आणखी एक पुरावा अमेरिकेतील 'फ्लाइंग' मासिकात मिळतो. १९३९ साली या मासिकात एक सदर सुरू झाले. त्यात वैमानिकांनी आपल्या हातून घडलेली चूक किंवा आपल्यावर गुदरलेला प्रसंग स्वतः सांगावयाचा, आणि त्यातून आपण काय शिकलो तेही लिहावयाचे. हे सदर पिढ्यान् पिढ्या चालत राहिले. लिहिणारे वैमानिक आणि वाचणारेही वैमानिकच. आकाशाची शोभा पाहण्यासाठी ते कोणी वाचीत नव्हते. सगळ्या चुका स्वतः करून पाहण्याइतके दीर्घ आयुष्य कोणालाच लाभत नसते, म्हणून दुसऱ्याची चूक वाचून घेणे हा शहाणपणाचा व्यवहार होय. जमिनीवरील बहुतेक व्यवसायांत चूक दुरुस्त करण्यास दुसरा दिवस मिळतो. वैमानिकाच्या व्यवसायात तो मिळेलच असे नाही. अपघाताची चौकशी होते, अहवाल निघतो, विमानातील नोंदयंत्र वेग, उंची आणि बोललेले शब्द जपून ठेवते. परंतु मागे फिरावे की पुढे जावे या विचाराने मन कसे दोलायमान झाले होते, पुढे जाण्याचा मोह नेमका कोठून आला, हे कोणतेही यंत्र टिपू शकत नाही. ते सांगू शकतो तो फक्त वाचलेला माणूस. गॅनच्या पुस्तकाच्या आरंभी मृत व्यावसायिक बांधवांच्या नावांची एक लांबलचक यादी आहे. सामान्य वाचक ती ओलांडून पुढे जातो. वैमानिक तेथे थांबतो, कारण पुढील सारे पुस्तक कोणाच्या वतीने लिहिले आहे हे त्या यादीने त्याला सांगितलेले असते.

अर्थात प्रत्येक वैमानिकाला ही पुस्तके प्रिय असतात, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. विमान चालविणे ही ज्याची केवळ नोकरी आहे, त्याला या साहित्याचे आकर्षण नसते. शिवाय उड्डाणाचे स्वरूपही पालटले आहे. आजच्या प्रवासी विमानात बराचसा मार्ग स्वयंचलित यंत्रणा सांभाळते, आणि नकाशावर बोट ठेवून खालची नदी ओळखण्याचे प्रसंग क्वचितच येतात. अशा वैमानिकाला जुनी आत्मकथने वाचताना, शहरात वाढलेल्या नातवाने आजोबांच्या शेतीच्या आठवणी ऐकाव्यात, तसे वाटते. दुसऱ्या बाजूला काही पुस्तके अशीही असतात की ती एकाच बाजूला रुचतात. ज्यात नुसत्या तारखा, उंची आणि तासांचा हिशेब असतो, ते सामान्य वाचकाला लॉगबुकासारखे नीरस वाटते. ज्यात प्रत्येक सूर्योदयाला विशेषणांचे हार घातलेले असतात, ते वैमानिक चार पानांनंतर मिटून ठेवतो. कारण सूर्योदयाच्या वेळी सूर्य समोर असला तर तबकड्या दिसेनाशा होतात, हे लेखकाला ठाऊक नाही, असे त्याला वाटू लागते.

मग दोघांनाही जिंकणारे पुस्तक कसे असते? सेंत-एक्झ्युपेरीनेच त्याचे उत्तर १९३९ साली दिले. 'माणसांची पृथ्वी' या अर्थाचे नाव असलेले त्याचे फ्रेंच पुस्तक इंग्रजीत 'विंड, सँड अँड स्टार्स' या नावाने प्रसिद्ध झाले. त्यालाही फ्रेंच अकादमीचे कादंबरीसाठीचे पारितोषिक लाभले, आणि ते त्याने आपला सहकारी गियोमे यालाच अर्पण केले. त्यात आरंभीच एक प्रसंग आहे. लेखकाला प्रथमच टपाल घेऊन स्पेनवरून जावयाचे आहे. आदल्या रात्री तो अनुभवी गियोमेकडे जातो आणि दोघे नकाशा पसरून बसतात. गियोमे त्याला शहरांची लोकसंख्या सांगत नाही, पर्वतांची नावे सांगत नाही. एका शेताच्या कडेची तीन संत्र्यांची झाडे, गवतात दडलेला एक ओढा, उतारावर चरणारी तीस मेंढरे, एकाकी डोंगरावरील एक शेतकरी आणि त्याची बायको, एवढेच तो दाखवितो. इंजिन बंद पडून ज्या हिरव्या कुरणावर उतरण्याचा मोह होईल, तेथे ती झाडे आणि तो ओढा घात करतील, आणि अडचणीत पहिली मदत मिळेल ती त्या शेतकऱ्याचीच.

हा प्रसंग वाचून सामान्य वाचकाला वाटते की हे काव्य आहे. रुक्ष नकाशावर झाडे उगवली, पाणी वाहू लागले, माणसे दिसू लागली. वैमानिकाला वाटते की आपत्कालीन उतरण्याच्या जागांची इतकी नेमकी टिपणे क्वचितच कोणी दिली असतील. दोघांचेही म्हणणे खरे आहे. लेखकाने काव्यासाठी कामाची गोष्ट सोडलेली नाही, आणि कामाच्या गोष्टीतूनच काव्य आपोआप उमटले आहे.

याच पुस्तकात गियोमेच्या संकटाची हकीकत आहे. जून १९३० मध्ये अँडीज पर्वतावर तो बर्फाच्या वादळात सापडला. खाली एक सरोवर दिसले. त्याभोवती सुमारे दोन तास घिरट्या घालून पेट्रोल संपल्यावर तो तेथे उतरला. वादळ शमेपर्यंत त्याने विमानाच्या आडोशाला टपालाच्या थैल्यांत अंग लपविले आणि नंतर अन्नाशिवाय, बर्फातून, पाच दिवस तो चालत राहिला. एकदा तो पडला आणि उठावेसे वाटेना. तेव्हा त्याला पत्नीची आठवण झाली, आणि त्याबरोबरच विम्याची. प्रेत सापडले नाही तर कायद्याने मृत्यू मानण्यास वर्षे लागतात, तोवर तिला पैसा मिळणार नाही. समोरच्या खडकाला टेकून मरावे, म्हणजे उन्हाळ्यात प्रेत सापडेल, एवढ्याच हेतूने तो उठला; आणि उठला तो चालतच राहिला. यात वीरश्रीचा आव नाही. संसारी माणसाचा हा हिशेब आहे, आणि तो समजण्यासाठी वैमानिक असावे लागत नाही. १९४० साली गियोमेचे विमान भूमध्य समुद्रावर पाडले गेले. ३१ जुलै १९४४ रोजी सेंत-एक्झ्युपेरी स्वतःही टेहळणीच्या उड्डाणावरून परतला नाही. मार्सेयजवळ समुद्रात सापडलेले अवशेष त्याच्याच विमानाचे असल्याचे २००४ साली निश्चित झाले.

या कसोटीवर आपल्या देशाकडे पाहिले म्हणजे थोडी हुरहूर वाटते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका लहान 'पस मॉथ' विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. पुढे बळ्ळारीऐवजी हैदराबाद हा टप्पा झाला. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा विमाने पुण्याहून सुटत. १९३० साली आगाखान पारितोषिकासाठी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामधील एकट्याने करावयाच्या उड्डाणाची स्पर्धा लागली होती. जे. आर. डी. एका दिशेने, तर तरुण आस्पी इंजिनिअर विरुद्ध दिशेने निघाले होते. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली तेव्हा आस्पी स्पार्क प्लगवाचून अडून बसले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा प्लग त्यांना देऊन टाकला, आणि स्पर्धा आस्पी जिंकले. हेच आस्पी पुढे भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. ही कथा सांगताना सामान्य माणूस खिलाडूपणाची वाखाणणी करतो; वैमानिकाला मात्र आपला जादा प्लग देऊन पुढे निघालेल्या माणसाचा उरलेला प्रवास आठवतो, आणि त्याच्या मनात आदर दुणावतो.

परंतु जे. आर. डीं.नी आपले आत्मचरित्र लिहिले नाही. ऑक्टोबर १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तेच कराची-मुंबई उड्डाण जुन्या काळच्या विमानातून पुन्हा करून दाखविले. जुहूच्या चिखलाशी झुंजणाऱ्या त्या पहिल्या पिढीने वाऱ्याचा, पावसाचा आणि पश्चिम घाटावरील ढगांचा जो अभ्यास केला, त्यातला पुष्कळसा भाग लिहिला न गेल्यामुळे त्यांच्याबरोबरच गेला. सामान्य वाचकाचे त्यात एका सुंदर पुस्तकाचे नुकसान झाले. त्यांच्यामागून त्याच घाटावरून उडणाऱ्या तरुणाचे नुकसान त्याहून मोठे होते. जो ढग आधीच्या कोणीतरी ओळखला होता, तो त्याला पुन्हा पहिल्यापासून ओळखावा लागला.

तेव्हा वैमानिकांची आत्मकथने वैमानिकांना आवडतात का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थीच द्यावे लागेल. मात्र त्यांची आवड अधिक कठोर असते. जमिनीवरचा वाचक पुस्तकातून आकाशात जाऊन येतो आणि समृद्ध होऊन पुस्तक मिटतो. वैमानिकाला पुस्तक मिटल्यावर खरोखरच आकाशात जावयाचे असते. म्हणून तो लेखकाला एकच प्रश्न विचारतो: तू सांगतोस ते खरे आहे ना? ज्या लेखकाला या प्रश्नाचे उत्तर निःशंकपणे देता आले, त्याचे पुस्तक दोन्ही घरांत राहिले. एका घरी ते दिवाणखान्यातील कपाटात असते. दुसऱ्या घरी ते नकाशांच्या पिशवीत सापडते.